हरलेल्या राजाचे वकील

पंधराव्या शतकातल्या इंग्लंडवर जीव लावून बसलेली माणसे आज त्या देशात आणि देशाबाहेरही हजारोंनी आहेत. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी बँकेतून निवृत्त झालेले. पोटापाण्याचा उद्योग वेगळा. सुट्टीच्या दिवशी मात्र पडक्या किल्ल्यांच्या भिंती न्याहाळायच्या, तिसऱ्या एडवर्डच्या कोणत्या मुलाच्या शाखेचा गादीवर हक्क पोहोचत होता यावर वाद घालायचे, चॉसर आणि मॅलरी यांच्या काळचे इंग्रजी त्या काळच्या उच्चारांत वाचायला शिकायचे, हा त्यांचा दुसरा संसार. हे पुस्तक या माणसांविषयी आणि त्यांनी ज्याचा ध्यास घेतला त्या काळाविषयी आहे. विद्यापीठांतल्या इतिहासकारांनी त्यांच्याकडे बहुतेक वेळा संशयानेच पाहिले, आणि त्या संशयाला आधारही आहे. ज्याचे एखाद्या राजावर प्रेम आहे तो त्या राजाचा न्याय कसा करणार? हौशी माणूस पक्षपाती असतो, हे मी पहिल्याच परिच्छेदात मान्य करून टाकतो. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. पगारी अभ्यासकाला ज्यांत वेळ घालवावासा वाटला नसता असे कितीतरी प्रश्न या पक्षपातातूनच निघाले. मात्र त्यांतून खरे ज्ञान हाती आले ते तेव्हाच, जेव्हा प्रश्न विचारणाऱ्याने आपला लाडका समज खोटा ठरू शकेल अशी कसोटी स्वतःहून पत्करली. ही अट जिथे पाळली गेली तिथे हौसेने इतिहासात मोलाची भर घातली. जिथे ती पाळली गेली नाही तिथे नुसते वकीलपत्र उरले.

याचे सर्वांत ठळक उदाहरण तिसरा रिचर्ड. मराठी वाचकाला तो ठाऊक आहे तो शेक्सपिअरमुळे: कुबडा, कपटी, सख्ख्या पुतण्यांचा जीव घेणारा. इतिहासातला रिचर्ड १४५२मध्ये जन्मला आणि २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत, वयाच्या ३२व्या वर्षी मारला गेला. लढता लढता रणांगणात पडलेला तो इंग्लंडचा शेवटचा राजा. त्याआधीची तीस वर्षे लँकेस्टर आणि यॉर्क या एकाच राजघराण्याच्या दोन शाखा गादीसाठी झगडत होत्या, आणि त्या भाऊबंदकीत अनेक सरदार घराण्यांचे कर्ते पुरुष खर्ची पडले होते. रिचर्डचा थोरला भाऊ चौथा एडवर्ड १४८३च्या एप्रिलमध्ये वारला. मागे दोन मुले, बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि नऊ वर्षांचा त्याचा धाकटा भाऊ. काका पालक झाला, तीन महिन्यांच्या आत स्वतः राजा झाला, आणि लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेली मुले हळूहळू लोकांना दिसेनाशी झाली. दोन वर्षांनी हेन्री ट्यूडर जिंकला. त्यानंतर जे लिहिले गेले ते ट्यूडरांच्या राज्यात बसून लिहिले गेले.

जेत्यांच्या राज्यात इतिहास कसा बदलत जातो हे पाहायचे असेल तर वॉरिकशायरच्या जॉन राउस या धर्मगुरूचे लेखन पाहावे. वॉरिकच्या सरदारांची वंशावळ त्याने लांबच लांब गुंडाळ्यांवर चित्रांसह लिहिली. रिचर्ड गादीवर असताना लिहिलेल्या इंग्रजी प्रतीत त्याची तोंडभर स्तुती आहे. रिचर्ड मेल्यावर राउसने आपल्या हाताशी उरलेली लॅटिन प्रत बदलून घेतली. इंग्रजी प्रत त्याच्या हातून गेलेली होती म्हणून ती जशीच्या तशी वाचली. पुढे ट्यूडर राजासाठी लिहिलेल्या इतिहासात त्याच राउसने लिहिले की रिचर्ड दोन वर्षे आईच्या पोटात होता आणि दात व खांद्यापर्यंत रुळणारे केस घेऊनच जन्मला. एकाच माणसाच्या हातची दोन विधाने, मध्ये एक लढाई. रिचर्डच्या राज्यारोहणाचे समर्थन करणारा १४८४चा कायदा नव्या राजाने रद्द करवला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम काढला. संसदेच्या दप्तरात एक नोंद राहिली म्हणून त्यात काय होते ते आज कळते. टॉमस मोर यांनी रिचर्डचे चरित्र लिहायला घेतले ते १५१३च्या सुमारास. १४८३मध्ये ते जेमतेम पाच वर्षांचे होते. शेक्सपिअरचे नाटक आणखी सुमारे ऐंशी वर्षांनी आले, आणि ते इतके जबरदस्त होते की त्याच्यापुढे दप्तरातल्या नोंदी कोण वाचणार?

काही जणांनी त्या वाचल्या, आणि ते बहुतेक सगळे हौशी होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिल्या जेम्स राजाच्या दरबारात करमणुकीच्या कार्यक्रमांचा कारभार पाहणारे सर जॉर्ज बक यांनी १६१९मध्ये रिचर्डच्या बाजूने पहिला मोठा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १६४६मध्ये, काटछाट होऊन छापला गेला. १७६८मध्ये होरेस वॉलपोल यांनी ट्यूडर पुराव्यांतल्या विसंगती एकेक करून मांडल्या. वॉलपोल कादंबरीकार आणि कलासंग्राहक, इतिहासाचे प्राध्यापक नव्हेत. १८४४मध्ये कॅरोलाइन हॅल्स्टेड यांनी दोन खंडांत चरित्र लिहिले, तेही स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद असतानाच्या काळात. १९२४मध्ये लिव्हरपूलचे शल्यविशारद सॅक्सन बार्टन आणि त्यांच्या मित्रांनी रिचर्डच्या निशाणावरच्या पांढऱ्या रानडुकराच्या नावाने एक मंडळ काढले. तेच पुढे १९५९मध्ये ‘रिचर्ड द थर्ड सोसायटी’ झाले. १९५१मध्ये जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही रहस्यकथा आली. तिच्यात इस्पितळात पडून राहिलेला एक पोलीस अधिकारी रिचर्डचे चित्र पाहून या जुन्या प्रकरणाचा तपास अंथरुणातूनच करतो. या कादंबरीने सोसायटीकडे किती वाचक वळवले याची मोजदाद नाही, पण सोसायटीचे जुने सभासद आपल्या नादाचा उगम सांगताना तिचे नाव हमखास घेतात. साडेतीनशे वर्षे ही शंका जिवंत राहिली ती अशा लोकांमुळे. त्यांतल्या बऱ्याच जणांनी राजाच्या निर्दोषपणाचा निकाल आधीच देऊन ठेवला होता, हेही खरे. पण निकाल आधी दिलेला असला तरी पुरावा शोधण्याची घाई त्यांनाच होती. ज्यांना काही फरक पडत नव्हता त्यांना ती कशी असणार?

आता लेस्टर. लढाईनंतर रिचर्डचे नग्न शव घोड्यावर टाकून लेस्टरला आणले आणि तिथल्या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये घाईघाईने पुरले. १५३८मध्ये आठव्या हेन्रीच्या धोरणात तो मठ मोडला गेला. पुढे एक कथा पसरली की लोकांनी हाडे उकरून सोअर नदीत फेकली, आणि ती इतकी रुजली की नदीच्या पुलापाशी तशी पाटीसुद्धा लागली होती. त्या कथेच्या विरुद्ध एक साधी नोंद मात्र होती. सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेन यांचे त्याच नावाचे वडील १६१२मध्ये लेस्टरमध्ये होते. मठाच्या जागेवर रॉबर्ट हेरिक नावाच्या एका प्रतिष्ठित नागरिकाची बाग होती, आणि तिच्यात रिचर्डची कबर इथे आहे असे सांगणारा तीन फूट उंचीचा दगडी खांब आपण पाहिला असे त्यांनी लिहून ठेवले. हेरिकच्या बागेच्या जागी विसाव्या शतकात शहराच्या समाजकल्याण खात्याचा वाहनतळ आला. कबर त्या भागात असावी हे १९७५पासूनच काही जणांनी छापून म्हटले होते. नदीची दंतकथा कशी जन्मली हे दाखवून जॉन अॅशडाउन-हिल यांनी ती खोडून काढली, आणि रिचर्डच्या बहिणीच्या वंशात आईकडून मुलीकडे अशी अखंड साखळी शोधून काढली. फिलिपा लँग्ली यांनी तर उत्खननाचा हट्टच धरला. त्या पटकथालेखिका, सोसायटीच्या स्कॉटलंड शाखेच्या कार्यकर्त्या. पैशांची एक मोठी हमी ऐनवेळी निसटली तेव्हा सोसायटीच्या सभासदांनी देशोदेशींहून देणग्या पाठवल्या. २५ ऑगस्ट २०१२ रोजी लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाने वाहनतळाचे डांबर फोडले, आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच चरात, पायांची हाडे लागली.

त्या खड्ड्याचे वर्णन जरा तपशिलात वाचण्यासारखे आहे. कबर शवापेक्षा आखूड खणलेली, त्यामुळे डोके एका टोकाला वर टेकलेले. शवपेटी नाही, कफनाची खूण नाही. हात पुढे एकावर एक आलेले, बहुधा बांधलेले. पावले नाहीत, कारण नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात तेवढा भाग खणला गेला होता. हाडांवर अकरा जखमा, त्यांतल्या नऊ कवटीवर. मागच्या बाजूचा एक घाव इतका खोल की तोच मरणाचे कारण असावा. आणि पाठीचा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा बाजूला वळलेला. मातृवंशाचे डीएनए दोन जिवंत वंशजांशी जुळले, किरणोत्सारी कार्बनने काळ जुळला, वय जुळले, जखमा जुळल्या. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी हा सांगाडा रिचर्डचाच असे विद्यापीठाने निःसंशय जाहीर केले, आणि २६ मार्च २०१५ रोजी लेस्टर कॅथीड्रलमध्ये त्याचे पुन्हा दफन झाले. मधल्या काळात दफन यॉर्कला व्हावे म्हणून दुसऱ्या एका गटाने हायकोर्टात दावा लावला आणि तो हरला. हौसेचा अतिरेक कुठवर जातो त्याचा तोही पुरावा आहे.

पण माझ्या युक्तिवादासाठी लेस्टरच्या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट तो वाकडा कणा आहे. रिचर्डच्या कैवाऱ्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे एक ठाम मत होते की कुबड हा ट्यूडरांचा शुद्ध अपप्रचार. त्यांच्याकडे आधारही होता. राजसंग्रहातल्या रिचर्डच्या चित्राचा क्ष-किरणांनी तपास केला तेव्हा उजवा खांदा नंतर रंगाने उंचावलेला आढळला होता. चित्र बिघडवले, म्हणजे खांद्याची सगळी गोष्टच बनावट, असा सरळ निष्कर्ष त्यांनी काढला. सांगाड्याने तो अर्धा खोटा पाडला. कुबड नव्हते, वाळलेला हात नव्हता. पण कणा तरुण वयातच एका बाजूला वळलेला होता आणि त्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता. आणि हे कोणी लिहून ठेवले होते? दात आणि केसांची भाकडकथा लिहिणाऱ्या त्याच राउसने. उजवा खांदा उंच, डावा खाली, देह लहान, पण मरेपर्यंत शूरासारखा लढला, हे सगळे त्याच लेखात आहे. विरोधी साक्षीदार खोटे बोलतो म्हणून त्याची संपूर्ण साक्ष फेकून देणे किती चुकीचे असते, याचा याहून स्वच्छ धडा मला दुसऱ्या कुठल्या प्रकरणात सापडलेला नाही. तो धडा ज्यांना नको होता त्यांनीच पैसे गोळा करून मिळवला. कणा सरळ निघावा ही लँग्ली यांचीही आशा होती. जे निघाले ते सर्वांसमोर आले आणि सोसायटीच्या प्रकाशनांत मान्य झाले. पितृवंशाच्या डीएनएचा निकाल तर आणखी अवघड होता. रिचर्डच्या पुरुष-शाखेतून आल्याचे कागदोपत्री दिसणाऱ्या जिवंत वंशजांशी तो जुळला नाही. म्हणजे साडेचारशे-पाचशे वर्षांत कुठेतरी वंशावळीतला बाप आणि खरा बाप वेगळे होते. ही फूट नेमकी कुठल्या पिढीत पडली ते कळत नाही. पण वंशशुद्धतेवर लढाया झाल्या त्या घराण्यांच्या अभ्यासाला या निकालाने नवा विषय दिला.

इथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. शोध लावला तो विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी, जनुकशास्त्रज्ञांनी, अस्थितज्ज्ञांनी. हौशी मंडळींनी नुसता आग्रह धरला, मग श्रेय त्यांना का? या आक्षेपात तथ्य आहे. चर कसा आखायचा, हाड कसे उचलायचे, डीएनएचा नमुना दूषित होऊ नये म्हणून काय करायचे, यातले काहीही हौसेने येत नाही. पण पथकाचे प्रमुख रिचर्ड बकली यांनी खुद्द राजा सापडण्याची आशा धरली नव्हती. त्यांना मठाच्या इमारतींचा आराखडा हवा होता. पुरातत्त्वात एका विशिष्ट माणसाची कबर शोधायला निघणे हा मुळात चांगला संशोधनप्रश्न मानला जात नाही, आणि सर्वसाधारणपणे ते बरोबरच आहे. म्हणूनच तो प्रश्न बाहेरून यावा लागला. प्रश्न एकाचा, कसोटी दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे. एकटा कैवारी सोअर नदीच्या पुलावरच थांबला असता आणि एकटे विद्यापीठ त्या वाहनतळाकडे वळलेच नसते.

उलट उदाहरण टॉवरमधल्या दोन मुलांचे. मुले १४८३मध्ये मारली गेली नाहीत, असा लँग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२३पासूनचा दावा आहे. त्यांच्या हौशी संशोधकांनी युरोपच्या दप्तरखान्यांतून खरोखर उल्लेखनीय कागद शोधून काढले. फ्रान्समधल्या लीलच्या दप्तरात डिसेंबर १४८७ची एक पावती आहे. तिच्यात एडवर्ड राजाच्या मुलासाठी चारशे भाले पुरवल्याचा उल्लेख आहे. नेदरलँड्समध्ये तर धाकट्या राजपुत्राच्या तोंडची आत्मकथा वाटावी असा चार पानांचा मजकूर सापडला. हे कागद कोणी बनवलेले नाहीत, ते त्या काळातलेच आहेत, आणि ते शोधल्याबद्दल त्या मंडळींचे ऋण मानायला हवे. पण कागदातून सिद्ध काय होते? १४८७ आणि १४९०च्या दशकात सातव्या हेन्रीविरुद्ध, म्हणजे हेन्री ट्यूडरविरुद्ध, उभे केलेले तोतये आपण यॉर्क घराण्याचे राजपुत्र असल्याचे सांगत होते, हे आधीच माहीत आहे. रिचर्डची बहीण, बर्गंडीची मार्गारेट, त्यांना पैसा आणि शस्त्रे पुरवत होती, हेही माहीत आहे. त्यांच्या पक्षाच्या कागदात त्यांना राजपुत्र म्हटलेले असणारच. दुसऱ्या बाजूने २०२०मध्ये टिम थॉर्नटन यांनी दाखवले की मोर यांनी खुनी म्हणून ज्याचे नाव घेतले त्या माइल्स फॉरेस्टची मुले आठव्या हेन्रीच्या दरबारात, मोर यांच्या ओळखीच्या वर्तुळात होती. मोर यांच्याकडे ऐकीव गप्पांहून जवळची माहिती असू शकेल, असे त्यातून दिसते. तेही खुनाचा पुरावा नव्हे. माझ्या मते या प्रकरणात दोन्ही बाजूंनी हाती आलेले कागद मोलाचे आहेत, पण लेस्टरच्या सांगाड्यासारखा दावा खोटा पाडू शकेल असा पुरावा अजून कोणी तपासलेला नाही, आणि तोवर निकाल जाहीर करणे अनाठायी आहे.

किल्ल्यांच्या बाबतीत हौसेचा वाटा वेगळ्या प्रकारचा. तिथे प्रश्न विचारण्याच्या आधी दगड-विटा वाचवण्याचे काम होते. आणि इथे आपल्या देशाशी एक खरा धागा जुळतो. लिंकनशायरमधला टॅटरशॉल किल्ला सहाव्या हेन्रीचे खजिनदार राल्फ क्रॉमवेल यांनी १४३०-४०च्या दशकांत विटांनी बांधला. लढाईपेक्षा वैभवासाठी उभारलेला तो उंच मनोरा. १९११मध्ये त्यातल्या कोरीव दगडी शेकोट्या उखडून अमेरिकेला पाठवण्यासाठी विकल्या गेल्या. लॉर्ड कर्झन यांनी किल्ला विकत घेतला आणि बंदरात पोहोचलेल्या त्या शेकोट्या परत आणून जागच्या जागी बसवल्या. हे तेच कर्झन, ज्यांनी व्हाइसरॉय असताना १९०४मध्ये हिंदुस्थानात प्राचीन स्मारक संरक्षण कायदा केला आणि ज्या कायद्याखाली आपल्याकडची लेणी व किल्ले सरकारी संरक्षणात आले. टॅटरशॉलच्या प्रकरणातून इंग्लंडमध्ये १९१३चा स्मारक कायदा उभा राहिला. हिंदुस्थानातले संरक्षणाचे पाऊल विलायतेतल्या त्या कायद्याच्या नऊ वर्षे आधीचे, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. वंगभंग करणाऱ्या कर्झन यांच्याविषयी मराठी मनात जी चीड आहे ती रास्त आहे. हेही त्याच माणसाचे काम, एवढेच मी नोंदवतो.

कर्झन यांनी १९१७मध्ये ससेक्समधला बोडियम किल्लाही घेतला. बोडियमचे चित्र पाहिले नाही असा या विषयाचा चाहता विरळाच: चौफेर पाण्याचा खंदक, चार कोपऱ्यांना गोल बुरूज, पाण्यात पडलेले प्रतिबिंब. १३७७मध्ये फ्रेंचांनी जवळच्या राय बंदरावर हल्ला करून ते जाळले होते, आणि १३८५मध्ये सर एडवर्ड डॅलिंगरिज यांना राजाकडून तटबंदीचा परवाना मिळाला. त्यामुळे हा किल्ला फ्रेंचांना थोपवण्यासाठी बांधला, असे चाहत्यांच्या पिढ्या मानत आल्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अभ्यासकांनी ते नाकारले. खंदक सहज फोडून रिकामा करता येतो, खिडक्या प्रशस्त आहेत, आणि भोवतीची तळी व उंचवटे पाहुण्याने वाट चालताना किल्ला कसा दिसावा या हिशेबाने रचलेले आहेत. मग काही काळ उलट टोक गाठले गेले: ही सगळी नाटकी सजावट, लढाईचा संबंधच नाही. आता समतोल मत असे की त्या काळच्या सरदाराला संरक्षण आणि मानमरातब या गोष्टी वेगळ्या वाटतच नव्हत्या. बंदुकीच्या झरोक्यांचा रोख कुठे आहे, कुठून काय दिसते, याची निरीक्षणे हौशी भटक्यांनी वर्षानुवर्षे टिपली होती, आणि ती या वादात दोन्ही बाजूंच्या उपयोगी पडली.

भाषेच्या क्षेत्रात हौसेचे काम सर्वांत मोठे आहे आणि सर्वांत कमी सांगितले जाते. मध्ययुगीन इंग्रजीतले शेकडो ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हस्तलिखितांतच पडून होते. १८६४मध्ये फ्रेडरिक फर्निव्हल यांनी ‘अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी’ काढली. फर्निव्हल यांचे शिक्षण वकिलीचे होते. सभासदाची वर्गणी वर्षाला एक गिनी, आणि त्या वर्गणीतून ग्रंथामागून ग्रंथ छापून निघाले. पुढे ऑक्सफर्ड शब्दकोश म्हणून प्रसिद्ध झालेल्या कोशाला जुन्या शब्दांचे दाखले मिळावेत हा त्यामागचा एक हेतू. त्या कोशाचे संपादक जेम्स मरे मुळात शाळामास्तर, आणि कोशासाठी चिठ्ठ्या भरून पाठवणारे वाचक हे तर गावोगावचे स्वयंसेवकच. आजही मध्ययुगीन इंग्रजीचा विद्यार्थी जी संपादने उघडतो त्यांतली कितीतरी याच मालिकेतली असतात. जुन्या संपादनांत चुका होत्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्या सुधारल्या. पण सुधारायला आधी छापलेले पुस्तक हवे.

राजांच्या वेडाने इतिहासाचे नुकसान होते, शेतकरी-कारागीर-बायका त्यात हरवतात, हा सर्वांत वजनदार आक्षेप. त्याचे उत्तर मला भाषेच्या याच कामात दिसते. नॉरफोकचे सर जॉन फेन यांना जुन्या कागदांची हौस. १७८७मध्ये त्यांनी पॅस्टन कुटुंबाची पत्रे छापली ती मुख्यतः राजघराण्यांच्या यादवीवर प्रकाश पडतो म्हणून. मूळ पत्रे त्यांनी राजाला भेट दिली आणि ती बेपत्ता झाली. १८६५मध्ये हर्मन मेरिव्हेल यांनी पत्रे खरी आहेत का, अशीच शंका काढली, आणि पुढे मूळ पत्रे सापडत गेली तेव्हा शंका फिटली. त्या पत्रांतले एक मार्गारेट पॅस्टन यांनी १४४८मध्ये लंडनला असलेल्या नवऱ्याला पाठवले. ग्रेशॅमच्या त्यांच्या वाड्यावर एका बड्या सरदाराने हक्क सांगितला होता आणि त्याची माणसे शेजारीच तळ देऊन होती. मार्गारेट लिहवून घेतात की आडव्या धनुष्यांची, ती ताणायच्या चाकांची आणि बाणांची व्यवस्था करा, कारण इथली घरे इतकी ठेंगणी आहेत की आत लांब धनुष्य चालवता येणार नाही. आखूड दांड्याच्या दोन-तीन फरशाही मागवतात. आणि त्याच पत्रात पुढे एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी जाडे कापड. नांदत्या घरावर चालून आलेल्या यादवीचे असे चित्र कुठल्याही बखरकाराने काढलेले नाही. फेन यांना हवे होते राजे. जपले गेले हे. १९३४ सालही असेच. त्या एका वर्षात विंचेस्टर कॉलेजातले शिक्षक वॉल्टर ओकशॉट यांना मॅलरीच्या आर्थर-कथांचे हस्तलिखित सापडले. मुद्रक कॅक्स्टनने तो ग्रंथ ३१ जुलै १४८५ रोजी, बॉसवर्थच्या तीन आठवडे आधी, छापून पुरा केला होता, आणि हस्तलिखित हाती आल्यावर त्याने मजकूर कुठे कापला ते उघड झाले. त्याच वर्षी रिचर्डच्या राज्यारोहणाच्या वेळी लंडनमध्ये असलेल्या डोमिनिक मांचिनी या इटालियनाची समकालीन हकिकत लीलच्या ग्रंथालयात मिळाली. आणि त्याच वर्षी लिनच्या एका व्यापारी घरातल्या मार्जरी केम्प या बाईचे आत्मवृत्त एका जुन्या घराण्याच्या संग्रहात निघाले. ते ओळखणाऱ्या होप एमिली अॅलन कुठल्याही विद्यापीठाच्या नोकरीत नव्हत्या. फर्निव्हल यांच्या सोसायटीनेच ते १९४०मध्ये छापले.

रणांगणांवरही तीच गोष्ट. बॉसवर्थची लढाई अँबियन टेकडीवर झाली असे समजून तिथे १९७०च्या दशकात प्रदर्शन केंद्र बांधले गेले. २००५पासून शिस्तबद्ध शोध घेणाऱ्या पथकात धातुशोधक यंत्रे घेतलेले हौशी लोक होते. शेताशेतांत तासन् तास चालून त्यांनी तीसहून अधिक शिशाचे तोफगोळे आणि रिचर्डच्या अनुयायाचा सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा रानडुक्कर शोधला, तोही टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर. हेच यंत्र घेऊन रात्री शेते लुटणारेही इंग्लंडात आहेत, आणि वस्तू कुठे सापडली याची नोंद गेली की ती वस्तू निव्वळ धातू उरते. १९९६चा खजिना कायदा आणि त्यापाठोपाठ सुरू झालेली नोंदणी योजना हौशी माणसाला चोर समजत नाहीत. खजिन्यात मोडणाऱ्या वस्तूंची नोंद मात्र कायदा सक्तीची करतो, आणि बाकीच्या वस्तूंची सापडल्या जागेसह नोंद योजना स्वेच्छेने करवून घेते. लेस्टर विद्यापीठाने कैवाऱ्यांसाठी जी कसोटी उभी केली, तीच इथे कायद्याने शेतात आणून ठेवली.

टॉवरमधल्या मुलांच्या बाबतीत वेस्टमिन्स्टर अॅबेतल्या एका संगमरवरी कलशाचा प्रश्न मात्र अजून लोंबकळत आहे. १६७४मध्ये टॉवरच्या एका जिन्याखाली मजुरांना दोन मुलांची हाडे सापडली. दुसऱ्या चार्ल्सने ती त्या राजपुत्रांची म्हणून कलशात ठेवली. १९३३मध्ये कलश उघडून तपास झाला, पण हाडे मुलांची की मुलींची एवढेही तेव्हा ठरवता आले नाही. त्यानंतर तो बंदच आहे, आणि उघडण्याची परवानगी अॅबे व राजघराणे यांच्या हाती आहे. आता रिचर्डच्या, म्हणजे त्या मुलांच्या सख्ख्या काकाच्या, पितृवंशाचा डीएनए हाती आहे. कागदोपत्री वंशावळ त्या दोन भावांपुरती खरी असेल तर मुलांचा त्याच्याशी जुळायला हवा. हाडे त्या दोघांची निघाली तर मुले परदेशी पळाली हा दावा संपेल. नाही निघाली तर मुले जिन्याखाली पुरली या मोर यांच्या हकिकतीचा आधार जाईल. कलश उघडावा अशी मागणी रिचर्डच्या चाहत्यांकडून वारंवार झाली आहे, आणि निकाल आपल्या विरुद्ध लागू शकतो हे ठाऊक असूनही ते ती करतात. माझ्या मते ती मान्य व्हायला हवी.